समोर बसून शिकलेलं काम

लोहाराने पोतं खांद्यावरून उतरवलं आणि उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर सरळ उलटं केलं. विळ्यांच्या मुठी गडगडत खोलीभर पसरल्या. एक तर पार चुलीपर्यंत गेली आणि आईच्या पायाला लागून थांबली.

"जेवढ्या नेल्या तेवढ्या आणल्यात," लोहार म्हणाला. "एकही ठेवून घेतलेली नाही. उद्या मला चोर म्हणू नका."

थोरली दाराला टेकून उभी होती. तिने केसातला भुसा झटकायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. लोहाराने एक मूठ उचलली, गालावरून फिरवली आणि चटका बसल्यासारखा गाल मागे घेतला. मूठ गुळगुळीत आहे की नाही हे गालाला कळतं. हाताला घट्टे असतात, त्याला काय कळणार! ही परीक्षा लोहाराला थोरलीच्या बाबांनीच शिकवली होती, आणि आज तीच तो त्यांच्या लेकीला लावत होता.

"ही मूठ म्हणायची की उंदराने कुरतडलेलं कणीस? बायका दिवसभर हे हातात धरून कापणार, पोरी. संध्याकाळी त्यांच्या तळहाताची सालटी निघतील आणि शिव्या मला बसतील. विळा माझा ना!"

"काका, पटाशीच नीट चालत नाही," थोरली म्हणाली. "तिरकी लावली की तिचं टोक रुततं."

"नाचता येईना, अंगण वाकडं." लोहार हसला, पण हसणं फार वाईट नव्हतं. "अगं, त्याच पटाशीने तुझ्या बापाने तीस वर्षं मुठी कातल्या. पटाशी तीच, लाकूड तेच. मग उरलं काय?"

उरलं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई चुलीपुढून उठली आणि मुठी गोळा करू लागली.

लोहाराने जाताना आवाज उतरवला. पलीकडच्या छपरात बाबा बाजेवर बसले होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आभाळ भरून येतंय. पीक उभं आहे, कुणी थांबणार नाही. सोमवारी कापणी लागते. रविवारी सकाळी मला चांगल्या चार विसा, ऐंशी मुठी लागतील. नाहीतर मी शहरातून मागवतो. आणि एकदा तिकडून यायला लागल्या की मग इकडची वाट मोडलीच, हे तुलाही कळतं."

ते तिला कळत होतं. तिला त्याच्या पुढचंही कळत होतं. वखारवाला रविवारीच बैलगाडी घेऊन येणार होता. मुठींचं जमलं नाही तर लेथ त्याला द्यायचं, असं आईने परस्पर कबूल करून टाकलं होतं.

*

थोरलीच्या बाबांना सारं गाव डावऱ्या मिस्त्री म्हणायचं. लेथवर लाकूड कातणारे असे आसपास ते एकटेच. विळ्याच्या, खुरप्याच्या, कुदळीच्या मुठी, बाजेचे पाय, पाळण्याच्या काड्या, काय म्हणाल ते. सगळं काम डाव्या हाताने. अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी ते अंथरुणातून उठायला गेले तर डावी बाजू उठेना. भेटायला येणारा जो तो म्हणे, "उजवा हात शाबूत आहे ना, नशीब समजा." बाबा नुसते वाकड्या तोंडाने बघत. उजव्या हाताने त्यांनी आयुष्यात बटणसुद्धा लावलं नव्हतं.

नवऱ्याशी पटेना म्हणून थोरली दोन वर्षांपूर्वी माहेरी परत आली होती. तिथली भांडणं तिने कुणाला सांगितली नाहीत आणि आईनेही खोदून विचारलं नाही. दोन वर्षं ती लोकांच्या शेतात निंदायला गेली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ज्यांच्याबरोबर ती लहानपणी खेळली त्यांच्याच बांधावर उभं राहून "आज काम आहे का" म्हणून विचारायचं, याची तिला मरणाची लाज वाटायची. त्यामुळे बाबांचं लेथ बंद पडलं तेव्हा सगळे रडले, आणि थोरलीही रडली, पण रडता रडता तिच्या मनात आलं की हे आपण चालवू. काम तिच्या डोळ्यांखालचं होतं. लहानपणी शाळा सुटली की ती छपरात येऊन लेथच्या पलीकडे, बाबांच्या बरोबर समोर, ओंडक्यांच्या ढिगावर बसायची आणि अंधार पडेपर्यंत त्यांचे हात बघायची. पुढचा हात कसा असतो, मागचा कसा असतो, कोपर कुठे टेकतं, सगळं तिला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने करून दाखवलं असतं.

दोन महिने झाले, ती करत होती. आणि होत नव्हतं.

*

बुधवारी सकाळी ती उठली ती छपरातच गेली. छप्पर एका अंगाला उघडं, मधोमध लेथ. जाड लाकडी चौकट, खाली पायफळी, बाजूला कमरेइतकं चाक. पायफळी दाबली की चाक फिरतं, चाकाचा पट्टा लाकूड फिरवतो. लाकूड दोन टोकांना अणकुचीदार खिळ्यांमध्ये धरलेलं, आणि त्याच्यापुढे हत्यार टेकवायची लोखंडी पट्टी. बस, एवढंच यंत्र. बाकीचं काम माणसाने करायचं.

पलीकडे ओंडक्यांच्या ढिगाची जागा आता बाजेने घेतली होती. बाबा तिच्यावर पाय खाली सोडून बसले होते, लुळा हात मांडीवर ठेवून.

"झोप लागली का बाबा?"

"लागली. तुझी पट्टी वर कर जरा."

तिने पट्टी वर केली, बाभळीचा तुकडा खिळ्यांत धरला आणि भिंतीवरून गोल पटाशी काढली. पन्हळीसारखी खोलगट, जाड, बोजड. चौकोनी लाकडाचे कोपरे उडवून त्याला गोल करायचं ते हिने. गोल पटाशी तेवढी तिचं ऐकायची. पायफळी हलली, चाक घुमलं आणि टकटक आवाज करत ढलप्या तिच्या पोटावर येऊ लागल्या. थोड्या वेळाने टकटक थांबून नुसता सू आवाज राहिला. लाकूड गोल झालं.

"छान," बाबा म्हणाले. "आता तिरकी."

तिरकी पटाशी म्हणजे सुताराच्या पटाशीसारखीच, सपाट, एकाच अंगाने उतार दिलेली, पण धार सरळ नाही, तिरपी. एक टोक पुढे, एक मागे. मूठ गुळगुळीत होते ती हिच्यामुळे. थोरलीने ती हातात घेतली.

"मागचा हात खाली," बाबा सांगू लागले. "उतार आधी लाकडाला टेकव. नुसता टेकव, कापू नको. हां. आता मागचा हात हळू उचल. जाडाकडून बारकाकडे जायचं, पाणी जातं तसं."

तिने सगळं तसंच केलं. बाबा समोरून बघत होते, हात त्यांच्यासारखाच चालत होता. पटाशी दोन बोटं सरकली, साल निघाल्यासारखी वाटली, आणि खाड्‌दिशी टोक आत घुसलं. लाकूड खिळ्यांतून उसळलं आणि तिच्या भुवईवर बसलं.

आई धावत आली. भुवई फुटली नव्हती, पण बघता बघता लिंबाएवढी सुजली. आईने ओल्या फडक्याने दाबून धरली. रस्त्याने डोक्यावर चारा घेऊन चाललेल्या दोघी बायका थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "लाकूड कातायला निघाली आणि स्वतःलाच कातलं वाटतं!" दुसरी खुदकन हसली आणि दोघी पुढे गेल्या. लेथ गेलं की याच बायकांच्या शेजारी निंदायला बसायचंय, हे थोरलीच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

"बसू दे आता तिला," आई म्हणाली.

"बसू दे," बाबा म्हणाले. "तिचा दोष नाही. मी सांगतो तसंच करते ती, तसूभरही चुकत नाही. तरी लाकूड ऐकत नाही. काही हातांना लाकूड ऐकत नाही. हिच्या हातात नाही ते. रविवारी लेथ घेऊन जाऊ दे वखारवाल्याला."

शिव्या दिल्या असत्या तर थोरलीने सोसल्या असत्या. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की तिला तिथे थांबवेना. ती घरामागे गेली आणि धुण्याच्या दगडावर बसून ढसाढसा रडली.

*

दुपारी आईने तेलाची वाटी आणि चिंधी घेतली. हत्यारांना तेल लावायचं काम लग्न झाल्यापासून तिचं. गंज चढू नये म्हणून पात्याला बोटभर, आणि उरलेलं मुठीला. तिला कातकामातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण कुठल्या हत्याराला कुठे खड्डा आहे हे मात्र तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"विकायचं तर आहे, मग तेल कशाला?" थोरली म्हणाली.

"सासरी पाठवायच्या मुलीला न्हाऊ घालत नाहीत का? हात दे इकडे. तुझ्याही हाताला लावते."

थोरलीने उजवा हात पुढे केला. तळहातावर फोड आले होते, दोन फुटलेले. आई तेल लावता लावता थांबली. तिने मांडीवरची तिरकी पटाशी उचलली, तिच्या मुठीकडे बघितलं, मग परत हाताकडे बघितलं.

"धर बघू ही. काततेस तशी धर."

थोरलीने धरली.

"अंगठा कुठे येतो तुझा?"

"हा काय, इथे."

"आणि हा खड्डा कुठे आहे?"

मुठीवर बाबांच्या अंगठ्याने तीस वर्षांत एक खड्डा पाडला होता. काळा, चकचकीत, बोर मावेल एवढा. तो मुठीच्या पलीकडच्या अंगाला होता. तिच्या अंगठ्याखाली खड्डा नव्हता, फुगवटा होता, आणि जिथे फुगवटा तिथेच फोड.

आईने दुसरी पटाशी दिली. तेच. तोडणी दिली, खरवडणी दिली. तेच, तेच. गोल पटाशीची मूठ दोन्ही हातांनी धरायची, ती सगळीकडून सारखी झिजली होती. आई चिंधी टाकून उठली आणि छपरात गेली. मागोमाग थोरली.

"अहो, एक विचारते. चिडू नका."

"विचार."

"तुम्ही घास कोणत्या हाताने घेत होता?"

"हे काय विचारणं झालं? डाव्या."

"आणि ही कोणत्या हाताने जेवते?"

बाबांची नजर थोरलीच्या उजव्या हाताकडे गेली.

"पोरी," ते म्हणाले, "तिरकी घे आणि लेथवर उभी राहा. नुसती धर." ते समोरून बघू लागले. "बरोबर दिसतंय. अगदी मी धरायचो तसं." मग त्यांनी काठी ओढली. अडीच महिन्यांत ते लेथच्या त्या बाजूला गेले नव्हते, बघवत नसे. आता आईच्या खांद्यावर भार देत, पाय फरफटत, ते चौकटीला वळसा घालून आले आणि थोरलीच्या पाठीशी उभे राहिले. तिच्या खांद्यावरून त्यांनी खाली बघितलं.

"अगं आई गं," बाबा म्हणाले.

लहानपणी थोरलीने समोर बसून त्यांना बघितलं होतं. त्यांचा डावा हात तिच्या उजव्या हाताच्या बाजूला यायचा, आणि ती उजव्या हाताने ते हवेत गिरवायची. आता ते तिच्या समोर बसले होते आणि तिचा उजवा हात त्यांना आपल्या डाव्या हातासारखा दिसत होता. दोघांनी एकमेकांना अगदी बरोबर बघितलं होतं. उलटी होती ती फक्त पटाशी. तिची तिरपी धार डाव्या हाताची, पुढचं टोक डाव्या हातासाठी पुढे. उजव्या हाताने चालवली की ते टोक आधीच लाकडात जाऊन घुसणार, दुसरं काय करणार?

"दोन महिने आरशात बघत बसलो मी," बाबा म्हणाले. "आणि तुला म्हणालो, हातात नाही! माझं तोंड वाकडं झालं ते कमीच झालं."

"असं नका हो बोलू," आई म्हणाली, पण तिचेच डोळे वाहत होते.

"काखेत कळसा म्हणतात तो हा. सारं गाव मला डावऱ्या म्हणतं आणि माझ्याच लक्षात नाही!" आणि ते हसू लागले. दुखणं आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. हसणं एकाच गालावर उमटत होतं आणि दुसऱ्या बाजूने लाळ गळत होती, ती थोरलीने पदराने पुसली. तिच्या छातीवरून कुणीतरी जातं उचलून बाजूला ठेवावं तसं तिला वाटलं. सुजलेली भुवई ठणकत होती, पण तो ठणका आता साध्या माराचा होता.

"मग हीच घासून उलटी करते," ती म्हणाली. "टोक घासून टाकलं की..."

"अर्धं पातं जाईल त्यात. आणि मुठीवरच्या खड्ड्याचं काय करशील?" बाबांनी पटाशी हातात घेतली, खड्ड्यावर उजवा अंगठा ठेवून बघितला. तो बसला नाही. "नको. ही माझी राहू दे. तुला तुझी करू."

*

गुरुवारी सकाळी बाबा थोरलीला घेऊन लोहाराच्या भात्यापर्यंत चालत गेले. एरवी पाच मिनिटांची वाट, अर्धा तास लागला. लोहाराने त्यांना येताना बघितलं आणि हातोडा खाली ठेवून पुढे धावला.

सगळं ऐकून झाल्यावर हात कोळशाचे आहेत हे विसरून त्याने कपाळावर हात मारून घेतला. कपाळावर पाच काळी बोटं उमटली.

"मिस्त्री, तुझी एकूण एक पटाशी मी घडवली. प्रत्येक वेळी तू बजावायचास, उलटी घडव, उलटी घडव. आणि मी तुझ्या लेकीला अंगण वाकडं म्हणून आलो! पोरी, अंगण वाकडंच होतं गं. मीच वाकडं केलं होतं."

"पहिल्या खेपेला केलं नव्हतंस," बाबा म्हणाले. "आठवतंय का? पहिला संच तू सगळ्या जगासारखा सुलटा करून आणलास."

"आणि तू मला अशा शिव्या हासडल्यास की माझी बायको आठ दिवस..." लोहार बोलता बोलता थांबला. मग तो शिडी लावून माळ्यावर चढला. वरून कोळशाची धूळ, कोळ्याची जाळी आणि एक जुना टोप खाली आला. मागून एक फडक्यात बांधलेलं जड गाठोडं. फडकं हात लावताच फाटलं.

आत बिनमुठीची पाती होती. तांबूस गंजलेली, मुठीत ठोकायच्या शेपट्यांसकट, तीस वर्षं कुणी न विचारलेली.

"पोलाद जुन्या गाडीच्या कमानीचं आहे," लोहार म्हणाला. "तसलं आता मिळत नाही."

"गंज काय, घासला की जातो," बाबा म्हणाले. "पोरी, तू निवड. चार पुरेत. सुरुवातीला लोक भिंतभर हत्यारं टांगतात आणि मग कुठलंच शिकत नाहीत. गोल तुझ्याकडे आहे. एक तिरकी, एक तोडणी आणि एक खरवडणी घे, बाकी सगळं याच्यातच भागतं."

थोरली उकिडवी बसली. एकेक पातं ती दोन बोटांत शेपटीने धरून ऐरणीवर हलकेच टेकवायची. चांगल्या पोलादाचा आवाज लांबत जातो. एक अरुंद पातं भद्द वाजलं.

"हे भट्टीत जळलंय," ती म्हणाली.

लोहार खाकरला. "तेव्हा मी नवीन होतो."

खाच पाडायची तोडणी आणि बोथट गोल तोंडाची खरवडणी लगेच ठरली. तिरक्या दोन होत्या, एक रुंद आणि जड, एक निमुळती.

"जड घे," बाबा म्हणाले. "जड हत्यार थरथरत नाही."

तिने जड घेतली. डोळे मिटले, काततात तसा हात केला. मग निमुळती घेतली, तसाच हात केला.

"ही," ती म्हणाली. निमुळती तिच्या हातात होती. "जड तुमच्या मनगटाला चांगली. माझा हात तिच्यामागे ओढला जातो."

बाबांनी मान डोलावली. आपण सांगितलेलं थोरलीने ऐकलं नाही, याचं त्यांना बरं वाटलेलं तिला स्पष्ट दिसलं.

लोहाराने स्वतः सहाणेचं चाक फिरवलं आणि तिने धार लावली. उतार एकच, टेकवला की हलू द्यायचा नाही. मधे मधे पाण्यात बुडवायचं, पातं निळं पडू द्यायचं नाही. पाण्यात दर वेळी चर्रर्र आवाज येत होता आणि गंजाखालून पांढरी धार हळूहळू वर येत होती.

*

पण पात्याला मूठ हवी, आणि मूठ कातायला पातं हवं. थोरलीने गुरुवारी दुपारी ते कोडं गोल पटाशीने सोडवलं. तेवढीच तिचं ऐकत होती. बाभळीचे तीन तुकडे तिने एकामागून एक गोल केले, पोटात जाड ठेवले, टोकाला निमुळते केले. अंगावर थोडे चरे राहिले, ते राहू दिले. टोकाला लोखंडी कडं ठोकलं, म्हणजे पातं बसवताना मूठ फाटू नये. मग भोक पाडून शेपटी आत ठोकली. या वेळी आईने पातं धरलं होतं, तोंड बाजूला करून.

"अंगठा जाईल हो माझा!"

"गेला तर तुझ्या मापाची वेगळी हत्यारं करू," बाबा म्हणाले. ते आता बाजेवर नव्हते. बाज त्यांनी लेथच्या अलीकडे ओढून घ्यायला लावली होती, थोरलीच्या बाजूला.

तिसऱ्या मुठीला पातं बसलं तेव्हा उन्हं कलली होती. थोरलीने लाकूड लावलं, गोल केलं आणि नवी तिरकी उचलली. उतार टेकवला. मागचा हात तिने हळूच, अगदी हळूच उचलला.

लांबलचक साल निघाली. पातळ, पलीकडचं दिसेल अशी, वळत वळत तिच्या मनगटावर आली आणि खाली पडली. मग दुसरी. आवाज म्हणाल तर रेशीम फाटावं एवढाच. जाडाकडून बारकाकडे ती गेली, लाकूड उसळलं नाही. तिने पायफळी सोडली, चाक थांबलं, तशी ती खाली वाकली आणि मुठीला गाल लावला.

मग आईनेही येऊन गाल लावला, तीस वर्षांत पहिल्यांदाच.

शुक्रवार आणि शनिवार लेथ दिवसभर चाललं. उजवी पोटरी दगड झाली की थोरली पाय बदलायची. तळहाताचे जुने फोड वाळले. नवीन आले ते दुसऱ्या जागी, हत्याराच्या जागी. पहिल्या दिवशी दोन मुठी हुकल्या, त्या चुलीत गेल्या. बाबा शेजारून सांगायचे, मग तासातासाने सांगणं कमी होत गेलं, आणि शनिवारी दुपारी ते बसल्या बसल्या झोपले. झोपेत त्यांचा उजवा हात मांडीवर उघडमीट करत होता. आभाळ येऊन जाऊन होतं, पण पाऊस पडला नाही.

*

रविवारी सकाळी लोहार आला. त्याने पोत्यात हात घालून तळातली एक मूठ काढली. वरच्या निवडून ठेवतात हे त्याला चांगलं माहीत होतं. गालावरून फिरवली, एकदा, दोनदा. मग दुसऱ्या गालावरून. काही न बोलता त्याने पोतं खांद्यावर टाकलं.

"अहो, सांगा की काहीतरी!" आई म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? पुढच्या आठवड्यात खुरप्यांच्या लागतील, लाकूड वाळत घालून ठेवा." दारातून तो वळला. "आणि पोरी, तुझ्या मुठीत आणि मिस्त्रीच्या मुठीत एक फरक आहे. त्याच्या मुठी पोटात जरा जाड असायच्या. या बायकांच्या हाताला बसतील."

वखारवाला आला तेव्हा लोहार कोपऱ्यावरही पोचला नव्हता. बैलगाडी दाराशी उभी करून त्याने दोरखंड काढला. आईने त्याला उन्हात उभं ठेवलं नाही, पाणी दिलं, बसायला दिलं, बैलांनाही पाणी दाखवलं. मग म्हणाली, "लेथ कामात आहे हो."

"म्हणजे? आपलं बोलणं झालं होतं वहिनी. मी गाडी घेऊन आलो एवढ्या लांबून. रिकामी नेऊ?"

"रिकामी कशाला?" आईने लोहाराकडून परत आलेलं पोतं, ओरखड्यांच्या मुठींचं, ओढत आणलं. "हे न्या. आंघोळीचं पाणी तापवायला चांगलं आहे. बाभळीचं आहे."

वखारवाल्याने आधी पोत्याकडे बघितलं, मग छपराकडे. आत थोरली धार लावत होती आणि वर बघत नव्हती. शेवटी त्याने पोतं गाडीत टाकलं. फुकटचं कोण सोडतो?

गाडीचा आवाज गेला तसं बाबांनी हाक मारली. "पोरी, ती जड तिरकी तू आणलीस का गं लोहाराकडून?"

"आणली. तुमच्या मनगटासाठी. काल रात्री मूठही बसवली."

"दे."

तिने दिली. त्यांनी ती उजव्या हातात घेतली. ओळख नसलेल्या माणसाचा हात हातात घ्यावा तशी घेतली. थोरलीने एक लाकूड लावलं, त्यांना चौकटीशी उभं केलं, कमरेला पोत्याचा टेकू दिला. त्यांचा लुळा डावा हात तिने उचलला, पात्यावर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. पुढच्या हाताला करायचं फारसं नसतंच, नुसतं वजन द्यायचं.

"आता तू पलीकडे जाऊन बघ," बाबा म्हणाले.

"मुळीच नाही. मी इथेच शेजारी उभी राहणार."

तिने पायफळीवर पाय दिला. चाक फिरलं. बाबांनी उतार टेकवला, मागचा हात उचलला आणि खाड्‌दिशी टोक रुतलं. लाकूड उसळून बाजेखाली गेलं. तिने ते काढून परत लावलं. परत रुतलं. बाबांच्या कपाळावर घाम आला.

"सगळं उलटं लागतंय गं," ते म्हणाले.

"मला दोन महिने तसंच लागत होतं, बाबा."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. सुजलेल्या भुवईकडे बघितलं. मग हातातली मूठ त्यांनी जरा सैल केली आणि अंगठा नवीन जागी ठेवला.

तिसऱ्यांदा साल निघाली. बोटभरच निघाली, जाड, दातेरी, कडेला फाटलेली. ती त्यांच्या लुळ्या हातावर पडली आणि तिथेच राहिली.

खाडखाड आवाज ऐकून आई चुलीपासून ओरडली, "आता दोघं मिळून काय मोडताय तिकडे?"

"काही मोडत नाही," बाबा म्हणाले. "मी शिकतोय."